खांब, म्हातारी आणि ट्रायल बॅलन्स

माणसानं पंचेचाळिशी उलटल्यावर कुठलीही नवी कला शिकायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत माझं सेहेचाळिसाव्या वर्षी झालं. मधलं एक वर्ष मी तैलरंगात घालवलं. 'घालवलं' हा आमच्या हिचा शब्द. मी स्वतः 'वेचलं' म्हणतो. पण त्या वर्षात माझ्या तीन विजारी, एक टॉवेल आणि दिवाणखान्यातल्या सोफ्याचा उजवा हात यांची जी अवस्था झाली ती पाहता ऑडिटमध्ये तिचाच शब्द टिकेल.

याला मूळ कारण बँकेच्या सुट्ट्या. सप्टेंबर २०१५ पासून आम्हा बँकवाल्यांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी मिळू लागली. बँकेतला माणूस सुट्टीसाठीच जन्माला आलेला असतो असं लोकांना वाटतं. पण सुट्टीच्या दिवशी घरात बसलेला बँकवाला ही बायकोच्या दृष्टीनं थकीत कर्जासारखी गोष्ट असते. दिसते रोज, उपयोग शून्य. काही वर्षं मी माळे आवरले, पंखे पुसले, आणि एका शनिवारी डाळींचे डबे अकारविल्हे लावून ठेवल्यावर ही म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जात चला."

आमच्या वरच्या मजल्यावर ड्रॉइंगचे एक निवृत्त सर राहतात. सत्तरी ओलांडली तरी सुट्टीच्या दिवशी खांद्याला पेटी लावून कुठं ना कुठं चित्र काढायला जातात. नदी, डोंगर, वाडा, काहीही चालतं; पण चित्र जागेवर बसून झालं पाहिजे. उन्हात, वाऱ्यात, माशा वारत. मोबाइलवर फोटो काढून आणून घरी पंख्याखाली रंगवणाऱ्यांना ते 'सत्यनारायणाला फोनवरून बसणारे' म्हणतात. शिवाय त्यांचा हट्ट तैलरंगाचा. जलरंगवाल्याचं बरं असतं. एक छोटी पेटी, बाटलीभर पाणी, आणि काम झालं की कागद वहीत घालून चालू लागायचं. तैलरंगाला कॅनव्हास, तिकाटणं, टर्पेंटाइन, जवसाचं तेल, चिंध्या असा बिऱ्हाडाइतका पसारा लागतो. आणि चित्र आठ-आठ दिवस ओलं राहतं. मी सरांना विचारलं, "मग हे कशासाठी?" सर म्हणाले, "तेलात चूक दुरुस्त करता येते. खरवडायचं, वरून पुन्हा रंग द्यायचा."

या एका वाक्यावर मी फसलो. माझ्या नोकरीत गेली बावीस वर्षं खाडाखोडीला बंदी आहे. आता संगणक आल्यापासून तर चूक खोडली तरी चुकीची नोंद राहते आणि ती कुणी खोडली याचीही राहते. जिथं खरवडायला राजरोस परवानगी आहे अशा धंद्याचं मला मोहच पडला म्हणा ना.

तैलरंग घेऊन रानात जायची सोय जगाला करून दिली ती जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकारानं. १८४१ साली त्यानं कथलाच्या, दाबून रिकामी करायच्या नळीचं पेटंट घेतलं. टूथपेस्ट नळीत शिरली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि भोक पाडून हवा तेवढा बाहेर काढत. ही माहिती मी हिला सांगितली, ती चूक झाली. तेव्हापासून माझी पेटी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू शकलेली नाही. या नळीला एक टोपण असतं. ते टोपण हा स्वतंत्र विषय आहे, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

तर जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, पहाटेच्या एस.टी.नं स्वारगेटहून आम्ही वाई गाठली आणि तिथून रिक्षानं मेणवली. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणिसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट, आणि देवळाशी टांगलेली ती भलीमोठी घंटा. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. हा घाट सिनेमावाल्यांनाही सापडलेला आहे. २००४ सालच्या 'स्वदेस'चं चित्रीकरण इथंच झालं. म्हणजे देखणेपणाची सगळी जबाबदारी घाटानं आधीच उचललेली होती. मी फक्त मध्ये यायचं नव्हतं.

पण उघड्यावर चित्र काढणं हा एकट्याचा धंदा नाही. तिकाटणं उभं केल्याबरोबर एक गृहस्थ जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मोजणीला आलाय का? रस्ता कुठवर घेणार?" ती शंका फिटते न फिटते तो पाचसहा पोरं जमली. त्यातल्या एकानं माझ्या कॅनव्हासकडे बघून "म्हस हाय" असं जाहीर केलं. तो देवळाचा शिखराकडचा भाग होता. एक प्रवासी वीस मिनिटं पाठीशी उभे राहिले आणि जाताना कळवळून म्हणाले, "अहो, फोटो का नाही काढत?" वाऱ्यानं कॅनव्हास एकदा पडला. लोणी लावलेला पाव ज्या बाजूवर पडतो त्याच बाजूवर पडला. सर म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या १८७० सालच्या समुद्रकिनाऱ्याच्या एका चित्रात रंगात रुतलेले रेतीचे कण सापडलेत, आणि व्हॅन गॉगच्या ऑलिव्हच्या झाडांत तर २०१७ साली एक टोळ सापडला. माझ्या चित्रात दोन मुंग्या, एक माशी आणि पिंपळाचं एक अख्खं पान होतं. या एका बाबतीत मी फार मागं नाही.

आणि मग तो खांब आला.

आम्ही बसलो होतो तिथून देवळाच्या शिखराला अगदी खेटून विजेचा एक खांब दिसत होता. सरांच्या चित्रात शिखर आलं, आभाळ आलं, खांब आला नाही. मला वाटलं, विसरले. बावीस वर्षांची सवय. मी लगेच निदर्शनाला आणलं. "सर, खांब राहिला."

"कुठला खांब?"

"हा काय, समोर."

सरांनी डोळे बारीक केले. चित्रकार लोक समोरचं दृश्य असे डोळे किलकिले करून बघतात. त्यानं बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. मग शांतपणे म्हणाले, "मला नाही दिसत."

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. असं आम्ही काउंटरवर म्हणून बघावं! पण मोह वाईट. मीही डोळे बारीक केले आणि खांब गाळला. खांब गेल्यावर तारांना लोंबकळायला काही उरलं नाही, म्हणून तारा गेल्या. मग एका घरावरची पाण्याची काळी टाकी गेली. पायऱ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या. एक मोटारसायकल गेली. तासाभरात मी मेणवली थेट नाना फडणिसांच्या ताब्यात नेऊन दिली. आणि त्या भरात, डाव्या हाताला पिंपळाखाली बोरांची पाटी आणि हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसलेली एक म्हातारी होती, ती पण गाळली.

आता खरं सांगतो. खांब गाळला तो चित्रासाठी. म्हातारी गाळली ती माझ्यासाठी. माणसं मला जमत नाहीत. माझी माणसं गाठोड्यासारखी दिसतात आणि गाठोडी माणसांसारखी. पण एकदा 'गाळणं' हे कलेचं तत्त्व म्हणून हाती लागलं की जमत नाही ते सगळं त्या तत्त्वात बसवता येतं.

बी.कॉम.ला आम्हाला हिशेबातल्या चुकांचे प्रकार शिकवले होते. त्यात 'एरर ऑफ ओमिशन' म्हणून एक आहे, म्हणजे नोंदच राहून जाणं. तिची गंमत अशी, की नोंद अर्धी राहिली, जमेला आहे आणि नावे नाही, तर ट्रायल बॅलन्स जुळत नाही आणि चूक पकडली जाते. पण व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरता राहिला तर ट्रायल बॅलन्स तंतोतंत जुळतो. कारकून खूश, मॅनेजर खूश, सगळे वेळेवर घरी. आकड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. तो लागतो कधी? तर ज्याची नोंद राहिली तो खातेदार पासबुक हातात धरून काउंटरशी उभा राहतो तेव्हा. माझ्या चित्रात पिंपळ होता, पिंपळाची सावली होती, आणि त्या सावलीत कुणी नव्हतं. चित्र जुळत होतं.

साडेबाराला आम्ही डबा सोडला. मेथीचा पराठा मोडता मोडता सरांनी मोनेच्या दोन गोष्टी सांगितल्या. १८८९ साली तो फ्रान्समधल्या क्रूझ नदीच्या काठी एका ओकच्या झाडाचं चित्र काढत होता. सुरुवात केली तेव्हा झाड निष्पर्ण होतं. हवेनं दगा दिला, काम लांबलं, आणि मे महिन्यात झाडाला पालवी फुटली. तुम्ही-आम्ही चार पानं रंगवली असती. या माणसानं झाडाच्या मालकाला गाठलं, पैसे मोजले, आणि शिड्या लावून झाडाची पानं काढवून घेतली! दुसरी गोष्ट १८९१ सालची. एप्त नदीकाठची पॉपलरची झाडं तो रंगवत होता, आणि गावानं ती तोडीसाठी लिलावात काढली. मोनेनं एका लाकूडव्यापाऱ्याशी संधान बांधलं. त्याच्या बोलीच्या वर जातील तेवढे पैसे मी देतो, तू झाडं घे, पण माझी चित्रं होईपर्यंत उभी ठेव. झाडं राहिली. चित्रं झाल्यावर पडली.

सरांना या गोष्टी निष्ठेच्या म्हणून सांगायच्या होत्या. मला त्या वेगळ्याच ऐकू आल्या. कॅशियरची रोकड कमी भरली की तो खिशातून घालतो. वह्या जशाच्या तशा राहतात, रोकड वह्यांना जुळवली जाते. मोनेनं तेच केलं. चित्र बदललं नाही, जग बदललं. आणि फरकाची रक्कम स्वतः भरली. आम्ही खांब गाळला तेव्हा कुणाला काय भरलं? माझा तिसरा पराठा होईपर्यंत मी या विचारात होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"झालं का सायेब? आता हलू का?"

ती म्हातारी. गुडघ्यावर हात टेकून उभी होती.

"म्हणजे, आजी?"

"सकाळपास्नं बसलीया न हलता. तुमी डोळं बारीक करून बघत हुता माज्याकडं. म्हनलं, हलायचं न्हाई. दोन गिऱ्हाइकं आली, त्यास्नी म्हनलं मागनं या, सायेब माजं चित्तर काढत्यात. पाय पार आखडलं बघा."

सर पराठा चावायचे थांबले. माझ्या घशात मेथी. बावीस वर्षांत काउंटरवर मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली आहेत, शिव्या खाल्ल्या आहेत. पण इतक्या आदरानं कुणी मला उघडं पाडलं नव्हतं. अशा वेळी माणसानं काय करावं? खरं सांगावं. मी म्हणालो, "अजून थोडं राहिलंय, आजी. फक्त अर्धा तास."

आणि ती बिचारी पुन्हा जाऊन बसली! एक नोंद गाळली म्हणून दोन तास फुकट गेलेल्या बाईला, ती नोंद घालायची म्हणून मी आणखी अर्धा तास उन्हात बसवलं. पिंपळाची सावलीसुद्धा एव्हाना सरकली होती.

माझे हात थरथरत होते. सर शेजारी येऊन हळूच म्हणाले, "चेहराबिहरा काढायच्या भानगडीत पडू नकोस. तीन फटकारे. डोकं, अंग, पाटी. आणि लुगडं तांबडं ठेव." मी बघितलं. लुगडं निळं होतं, धुवून धुवून विटलेलं. "निळं आहे, सर." "ते मलाही दिसतंय. सगळं चित्र हिरवं-करडं झालंय, त्यात निळं बुडेल. कोरो नावाचा फ्रेंच चित्रकार झाडीत असाच एक तांबडा ठिपका ठेवायचा. ठेवून तर बघ." मी तीन फटकारे मारले. आणि काय सांगू! मघापासून शेवाळल्यासारखं पडलेलं ते चित्र एकदम उठून बसलं. घाटाला खोली आली, पिंपळ मागं गेला, पाणी हललं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी बरं झालं होतं.

मी आजीला बोलावलं. ती पदरानं तोंड पुसून आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"ही मी?"

"हो."

"बराबर हाय." थोडी थांबली. "पर लुगडं निळं हाय माजं."

"ते उन्हामुळं..." मी सुरुवात केली; पण तिनं माझ्या तोंडासमोर पदराचा शेव धरला. पासबुक धरतात तसा. म्हणाली, "हे बघा की. निळं."

मग माझ्या तोंडून आपोआप ते वाक्य गेलं जे मी रोज वीस वेळा म्हणतो. "करून देतो, आजी. आज होणार नाही. पुन्हा येईन तेव्हा दाखवतो." तिनं मान हलवली. लोक नेहमीच हलवतात. मी तिची उरलेली सगळी बोरं घेतली. ती सत्तर रुपये म्हणाली, मी शंभर दिले आणि मोड घेतली नाही. आमच्या शास्त्रात याला 'कॉम्पेन्सेटिंग एरर' म्हणतात. ताळा जुळतो, चुका मात्र दोन झालेल्या असतात.

परतीच्या एस.टी.त ओलं चित्र मांडीवर उभं धरून बसलो. "ओलं आहे, हात लावू नका" असं ज्याला ज्याला सांगितलं त्यानं खात्रीसाठी हात लावून बघितला. एका पांढऱ्या सदऱ्याला कृष्णेचं पाणी लागलं. त्याबद्दलचं बोलणं कात्रजच्या बोगद्यापर्यंत चाललं. तांबडा ठिपका तेवढा मी तळहाताच्या आडोशानं सांभाळून आणला.

चित्राचं फार कौतुक झालं. हिनं ते दिवाणखान्यात लावलं. माझी वस्तू तिथं लागण्याची ही पहिलीच वेळ. बँकेतले सहकारी घरी आले होते, तेही म्हणाले, "त्या तांबड्या बाईमुळं काय मजा आलीय!" येईल तो तांबड्या बाईशीच थांबतो. म्हणजे त्या चित्रात जी एक गोष्ट चांगली आहे तीच नेमकी खोटी आहे, आणि ते फक्त तीन माणसांना ठाऊक आहे. त्यातली एक मेणवलीला बोरं विकते.

मी सरांशी वाद घातला. सर म्हणाले, "चित्र घाटाचं आहे, तिचं नाही. खांब गाळलास तेव्हा नाही टोचलं?" मी म्हणालो, "खांब दोन तास माझ्यासाठी न हलता उभा नव्हता." "खांब कायमच न हलता उभा असतो," असं सर म्हणाले खरे, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं, कारण लगेच चहा मागितला. मला मात्र एका गोष्टीचं नवल सरत नव्हतं. त्या चित्रात तिला नाक नाही, डोळे नाहीत, हातसुद्धा नाहीत. त्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही, लुगड्याच्या रंगावर तेवढी अडून बसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन फटकाऱ्यांच्या त्या गाठोड्यात तिला स्वतःची म्हणून ओळखता येईल अशी एकच गोष्ट होती, तो निळा रंग. तोच काढून घेतल्यावर पिंपळाखाली बसलेली बाई तिची कोण?

मोनेच्या हिशेबानं मी वाईच्या बाजारातून एक तांबडं लुगडं घेऊन तिला नेऊन द्यायला हवं होतं. चित्र तसंच, जग दुरुस्त. ही कल्पना मी हिला बोलून दाखवली. ही आधी म्हणाली, "एका ठिपक्यासाठी लुगडं?" आणि मग जरा वेळानं, वाटाणे सोलता सोलता, "ती तांबडं नेसते का, हे विचारलंत का पण तिला?" मी नव्हतं विचारलं. मोनेनंही ओकला विचारलं नसावं.

मार्चच्या चौथ्या शनिवारी सर पुन्हा मेणवलीला निघाले. मी सर्दीचं कारण सांगितलं. संध्याकाळी सर आले, पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या आजीनं विचारलं. म्हणाली, ते दुसरं सायेब आलं न्हाईत? निळं केलं का त्यांनी?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"वाळतंय म्हटलं."

हे उत्तर शास्त्रशुद्ध आहे. तैलरंग वरून वाळला तरी आतून पुरता वाळायला महिनेच्या महिने लागतात. त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा वाजता उठलो, चित्र भिंतीवरून उतरवलं, पेटी उघडली आणि अल्ट्रामरीन निळ्याची नळी काढली. तर टोपण घट्ट. वापरल्यावर नळीचं तोंड पुसलं नाही की रंग आट्यांमध्ये वाळतो आणि टोपण सिमेंट लावल्यासारखं बसतं. आधी दातांनी बघितलं, मग दाराच्या फटीत धरून बघितलं, मग पक्कड आणली. पकडीनं टोपण हलेना, नळीच पिरगळायला लागली. शेवटी काडी ओढून टोपणाला धग देत होतो, तेवढ्यात दिवा लागला.

"काय चाललंय मध्यरात्री?" ही दारात उभी.

"दुरुस्तीची नोंद करतोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, उतरवलेल्या चित्राकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पकडीकडे पाहिलं. मग जवळ येऊन नळी हातात घेतली आणि म्हणाली, "काडीनं नाही निघायचं. थांबा, पाणी गरम करते." आणि ती रंगाची नळी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.